दीड फेरा

यावलच्या शाळेमागे, केळीच्या वखारीला लागून
एक उंचसखल पटांगण होतं.
तिथं रुबाब तडवी सर आम्हा सात मुलींना
लाकडी बंदूक फेकायला शिकवायचे.

बंदूक म्हणजे सागाची फळी,
फैजपूरच्या सुताराकडून कापून आणलेली.
दस्त्यात दोन नट ठोकून वजन साधलेलं,
पट्टा बैलाच्या म्होरकीचा, मुद्दाम सैल.
वाजला पाहिजे, सर म्हणायचे,
वाजला नाही तर फिरली कशावरून?

मधोमध, जिथं ती बोटावर आडवी झोपते,
तिथं नेलपॉलिशचा लाल ठिपका.
हा तिचा जीव.
चार बोटं सरकलात की ती कुणाचीच नाही.

हातमोजे नव्हते.
जानेवारीत सकाळी साडेसहाला
सातपुड्याकडून वारा उतरायचा
आणि तळहाताला आधी लाकूड कळायचंच नाही,
मग एकदम सगळं कळायचं.

महिनाभर नुसतं फिरवणं.
मनगट आत, अंगठा खाली,
उजवा सोडतो,
डावा वाट पाहत नाही, तो असतोच तिथं.
आठवीतला बिपिन भंगाळे ढोल बडवायचा
आणि पोळ्याच्या बैलासारखा मध्येच थांबायचा.

मग फेक.
दोन फेऱ्यांची सोपी:
दस्ता सोडला, दस्ताच परत हातात.
सर तिला मोजतच नसत.
त्यांना हवा होता दीड.
सोडायचा दस्ता, झेलायची नळी.
"जे सोडलं तेच परत मांगू नको वं,"
एवढंच म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

वर बघायचं नाही.
ती येणार त्या जागेकडं बघायचं.
वर बघणारीचा दात जातो.
चित्रलेखा भारंबेचा गेला,
सव्वीस जानेवारीला, तहसीलच्या मैदानावर,
पाहुण्यांच्या अगदी समोर.
तिनं तोंड मिटून सलामी दिली.
दात थुंकला की गिळला
ते अजून सांगत नाही.

सरांना फेकताना मात्र कुणी पाहिलं नाही.
कुलसुमनं एकदा विचारलंच.
सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.
मग म्हणाले, मी पलटणीच्या बँडात ढोलावर होतो.
कुठल्याशा छावणीत एकदाच बघितलं हे,
आणि बघितलं तरी काय, मान खाली, नजर काठीवर.
फक्त ठोके मोजले.
सहा ठोके ती वर होती,
सातव्याला हातात.

म्हणजे त्यांना हात माहीत नव्हते.
वेळ माहीत होती.
हात आम्ही शोधले,
नखं फोडून, मनगटं सुजवून,
घरी हळद लावताना खोटं बोलून.

आता मी सावद्याला केळीच्या वजनकाट्यावर असते.
परवा सरांकडं गेले.
डोळे गेलेत. पायांच्या आवाजावरून म्हणाले,
सुलभा झोपे, तिसऱ्या रांगेतली, डावी आळशी.

मागच्या दाराला अडसर म्हणून
तीच बंदूक घातलेली.
ट्यूब झडलेली, पट्टा उंदरांनी नेलेला.
ठिपका नव्हता. बोटानं शोधला.

अंगणात गेले.
शेचाळीस वर्षांची बाई, पदर खोचून.
शेजारची पोरं भिंतीवर चढली.
सरांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर
नखानं ठोका धरला.

सोडली.
वर नाही बघितलं.
बघितलं त्या रिकाम्या जागेकडं,
जिथं काहीच नव्हतं,
पाचव्यालाही नव्हतं,
सहाव्यालाही.

सातवा वाजून गेला.
मग थप्प.
तळहात झणझणला खांद्यापर्यंत.

"उशीर," सर म्हणाले.
मग थोड्या वेळानं, "टोक कोणतं?"
"नळी."
त्यांनी मान हलवली, की माशी हाकलली,
कळलं नाही.

निघताना अडसर परत घालायला गेले
तर दार लागेना.
मी उलटी धरली होती.